रसिकांची वत्सगुल्म शाखा

खेळ आणि मालिका यांविषयी ठाम मते बाळगणाऱ्या हौशी रसिकाचा अभ्यास आजवर मुंबई-पुण्याच्या पलीकडे फारसा गेलेला नाही, आणि ज्या जिल्ह्याचा जन्मच 1 जुलै 1998 रोजी अकोल्याच्या विभाजनातून झाला, त्या वाशिमकडे तर या दृष्टीने कोणी ढुंकूनही पाहिलेले नाही. वास्तविक या विषयात वाशिमचा हक्क जुना आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म ते हेच गाव. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्माचा उल्लेख येतो, आणि त्याच ग्रंथात ज्या 64 कलांची यादी दिली आहे तीत द्यूतविशेष आणि आकर्षक्रीडा, म्हणजे फाशांचे खेळ, यांचा समावेश आहे. त्या ग्रंथातला नागरक, म्हणजे नगरात राहणारा सुखवस्तू रसिक, पैसा आणि वेळ या दोन भांडवलांवर जगत असे. आजच्या वाशिमकर नागरकाकडे त्यांपैकी वेळ तेवढा शाबूत उरला आहे. तो पंचविशी ओलांडलेला असतो, स्पर्धा परीक्षा देऊन निकालाची आणि निकाल लागल्यास नियुक्तीची वाट पाहत असतो, त्याची अभ्यासिका पाटणी चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असते, आणि 64 कलांना पुरून उरणारी मत देण्याची पासष्टावी कला त्याने कोणत्याही शिकवणीवाचून हस्तगत केलेली असते.

या मतांचे आद्य लक्षण असे की अनुभव आणि ठामपणा यांचे प्रमाण त्यांत नेमके व्यस्त असते. ज्या व्हिडिओ गेमला ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रे झपाट्याने रंगवणारा संगणकाचा स्वतंत्र आणि महागडा भाग, लागतो, तो गेम हौशी रसिकाच्या घरी कधीच आलेला नसतो; तरीही त्याच्या कथानकातल्या कच्च्या जागा, अखेरच्या शत्रूला लोळवण्याच्या युक्त्या आणि निर्मात्यांनी चाहत्यांशी केलेला द्रोह यांवर तो चहा थंड होईपर्यंत बोलू शकतो, कारण दुसऱ्याच कोणीतरी तो गेम खेळतानाची लांबलचक चित्रफीत त्याने यूट्यूबवर दीडपट वेगाने पाहिलेली असते. उलट जो गेम तो बालपणी मनगट दुखेपर्यंत खेळला, त्याविषयी त्याचे काहीच मत नसते. कॅपकॉम कंपनीने 1993 साली काढलेला ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा गेम भारतातल्या गेम पार्लरांत त्यातल्या एका पात्राच्या नावावरून ‘मुस्तफा’ म्हणून प्रसिद्ध पावला, आणि त्याच्या पायी किराण्यातले सुटे पैसे गायब होण्याचे प्रकार घरोघर घडले. परंतु एवढ्या मोठ्या गुंतवणुकीनंतरही हौशी रसिक ‘मुस्तफा’ची गणना विचार करण्याजोग्या गेममध्ये करत नाही. जे स्वतःच्या हाताने खेळले ते खेळणे, आणि जे दुसऱ्याला खेळताना पाहिले ते कलामाध्यम, अशी त्याची साधी विभागणी आहे.

पब्जी या गेमने मात्र ही विभागणी काही काळ ढिली केली. शंभर खेळाडूंनी एका बेटावर छत्रीने उतरायचे, सापडतील ती शस्त्रे उचलायची आणि शेवटी जो जिवंत उरेल त्याने जिंकायचे, असा हा खेळ 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने इतर 117 ॲपसोबत बंद केला, 2 जुलै 2021 रोजी तो नव्या भारतीय नावाने परतला, 28 जुलै 2022 रोजी पुन्हा अदृश्य झाला आणि मे 2023 मध्ये पुन्हा प्रकटला. बंदीच्या प्रत्येक पर्वात हौशी रसिकाने घरी असे सांगितले की आपले करिअर याच क्षेत्रात होणार होते. बंदी उठताच त्याला आठवण झाली की परीक्षा जवळ आली आहे. खेळ चालू असताना झालेल्या प्रत्येक पराभवाचे खापर तो पिंगवर फोडत असे. पिंग म्हणजे मोबाइलमधून निघालेला संदेश दूरच्या संगणकापर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ. तो सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात, आणि मालेगाव तालुक्यातल्या ज्या गावी रेंजसाठी धाब्यावर चढावे लागते तेथे तो मोजण्याच्या पलीकडे जातो. (हे मालेगाव वाशिमचे, नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावशी त्याचा होणारा गोंधळ कुरिअरवाल्यांनी निष्ठेने जपला असून परदेशी बोर्ड गेमची काही खोकी आधी तिकडे तीर्थाटन करून मगच इकडे येतात.)

बोर्ड गेम हे हौशी रसिकाच्या मते खेळांचे अभिजन कुळ होय. सारीपाट, नवा व्यापार आणि पत्त्यांतले मेंढीकोट यांना तो या कुळात घेत नाही; त्याचा आरंभ तो 1995 साली जर्मनीत क्लाउस टॉयबर यांनी रचलेल्या ‘कटान’पासून करतो. षटकोनी तुकड्यांचे एक बेट मांडायचे, त्यावर वस्त्या वसवायच्या, दोन फाशांची बेरीज ज्या तुकड्यावरच्या आकड्याशी जुळेल तेथून लाकूड, विटा, लोकर, धान्य किंवा खनिज यांची पत्ती मिळवायची आणि अदलाबदल करून पुढे वस्ती वाढवायची, असा तो खेळ आहे. दिवाळीच्या सुट्टीत हा पट प्रथम उघडला जातो तेव्हा हौशी रसिक घरच्यांना आधी बजावतो की यात नशिबाला वाव नाही, सगळे बुद्धीचे काम आहे. समोर बसलेले काका त्याच आठवड्यात बाजार समितीत सोयाबीन टाकून आलेले असतात. 2025-26 च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झालेला आहे हे त्यांना तोंडपाठ असते आणि ओलावा 12 टक्क्यांवर दाखवला की बोली कुठे जाते हेही ठाऊक असते. ‘कटान’मधली बँक चार सारख्या पत्त्या घेऊन हवी ती एक देते, हा नियम ऐकताच ते म्हणतात, “चार पोते देल्ले तं एक भेटते म्हन्तं? मंग हा खेळ काह्याचा, हे तं आपलं मार्केटच हाय!” फाशांवर सात पडले की ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त पत्त्या असतील त्याची निम्मी रास जाते, हाही नियम त्यांना समजावून सांगावा लागत नाही, कारण भाव वाढेल या आशेने माल घरात ठेवून बसलेल्या शेतकऱ्याचे पुढे काय होते याचा अनुभव त्यांच्या पदरी असतो. ते हातात पत्ती ठेवत नाहीत, बँकेच्या दाराशी जात नाहीत, शेजारी बसलेल्या पुतणीशी एकास एक सौदा करतात आणि तासाभरात जिंकून तंबाखू मळायला लागतात. त्या संध्याकाळपासून हौशी रसिकाचे ‘कटान’विषयीचे सुधारित मत असे आहे की हा खेळ फाशांवर जरा जास्तच अवलंबून आहे.

ॲलन मून यांच्या 2004 सालच्या ‘तिकीट टू राइड’ची कथा लवकर आटोपते. नकाशावरची शहरे रेल्वेमार्गाने जोडत जाण्याच्या या खेळाचे कारंजा लाडच्या ज्येष्ठांनी मनःपूर्वक स्वागत केले, आणि मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी शकुंतला ही अरुंद रुळांची गाडी त्यात कुठे आहे एवढेच विचारले. खेळात नाही आणि आता रुळांवरही नाही, हे उत्तर मिळाल्यावर त्यांचा रस संपला.

दूरचित्रवाणी मालिका हा हौशी रसिकाच्या चिंतनाचा गाभा असून त्याचे सर्वांत सखोल ज्ञान याच क्षेत्रातले आहे, फक्त ते तो मान्य करत नाही. मालिका आपण पाहत नाही, असे त्याचे जाहीर म्हणणे आहे. रात्री साडेआठला तो टीव्हीकडे पाठ करून ताटावर बसतो. स्वयंपाकघरात फोडणी करपत असल्याने आईला मधेच उठावे लागते आणि ती आतूनच विचारते, “काय झालं रे?” तेव्हा तो मान न वळवता सांगतो की धाकट्या जावेने कपाटातली फाइल पाहिली, पण ती फाइल मुळात बदललेली आहे, कारण सोमवारच्या भागात वकील आला होता तेव्हा लाल फाइल निळ्या फाइलखाली गेली होती. दिग्दर्शकाच्याही ध्यानात नसेल अशी ही फाइल पाठीने पाहण्याची सिद्धी ज्याच्याकडे आहे, तोच जेवण झाल्यावर हात धुता धुता म्हणतो की या मालिकांना काही डोके नसते.

त्याचे आक्षेप मात्र निराधार नाहीत. ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेला ते चार दिवस भरण्यास 2001 पासून 2013 पर्यंतचा काळ आणि तीन हजारांहून अधिक भाग लागले. ‘आई कुठे काय करते’ हा प्रश्न डिसेंबर 2019 मध्ये विचारला गेला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मालिका संपेपर्यंत आईने एवढे काही केले की मूळ प्रश्न कोणाच्या लक्षात राहिला नाही. लीप, म्हणजे एका रात्रीत कथानकाने सहा-सात वर्षे ओलांडून पाळण्यातल्या मुलाला शाळेत घालणे, आणि महासंगम, म्हणजे दोन वेगळ्या मालिकांतली कुटुंबे एकाच लग्नमंडपात आणून दोघांचेही प्रेक्षक धरून ठेवणे, या दोन्ही युक्त्यांची चिकित्सा तो कठोरपणे करतो. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका नागपुरी बोलली म्हणून अख्खा विदर्भ हरखला तेव्हाही नागपुरी वेगळी आणि वऱ्हाडी वेगळी, हे ठणकावून सांगणारा तोच होता, आणि ही दुरुस्ती त्याने शुद्ध पुणेरी मराठीत केली होती.

त्याच्या लेखी आदर्श मालिका म्हणजे ‘द लास्ट ऑफ अस’. 2013 सालच्या व्हिडिओ गेमवरून 2023 मध्ये निघालेल्या या अमेरिकी मालिकेत बुरशीच्या साथीने जग उद्ध्वस्त होते आणि एक खचलेला पुरुष एका पोरक्या मुलीला घेऊन देश पालथा घालतो. बुरशी हा शब्द वाशिममध्ये एरवी कृषी सहायकाच्या तोंडून ऐकण्याची सवय असल्याने घरच्यांनी कथा गांभीर्याने ऐकली. आईने एकच शंका काढली: “त्या पोरीची माय कुठी हाय मंग?” हौशी रसिकाने अभिमानाने सांगितले की हे रहस्य पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात उलगडते, आणि गेममध्ये त्या मुलीला जिने आवाज दिला होता तीच अभिनेत्री तेथे तिची आई झाली आहे. “म्हन्जे त्याइनंबी शेवटालेच सांगतलं, आमच्यावानी,” एवढे बोलून आईने रिमोट उचलला.

येथे एक गोष्ट नोंदवणे भाग आहे, आणि ती हौशी रसिकाला रुचणार नाही. ज्या मोबाइल गेमची तो बाजू घेतो ते ‘लाइव्ह सर्व्हिस’ प्रकारातले असतात, म्हणजे ते कधी संपतच नाहीत. ठरावीक महिन्यांनी नवा सीझन येतो, रोज हजेरी लावणाऱ्यास बक्षिसाची पेटी मिळते आणि एक दिवस चुकल्यास हजेरीची मालिका तुटते. मालिकावाले निवडक घरांतल्या मीटरवरून टीआरपी, म्हणजे प्रेक्षकसंख्येचा अंदाज, काढतात. गेमवाले प्रत्येकाच्या बोटांचीच मोजणी करतात. दोघांनाही गोष्ट संपवण्यात तोटा आहे. आईच्या मालिकेतली सून पाच वर्षांत निदान कंपनी काढून मोकळी होते. हौशी रसिकाच्या सैनिकाला तेवढ्या काळात सहा टोप्या मिळालेल्या असतात, त्यांपैकी एक चमकते.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धात्मक व्हिडिओ गेमना, मान्यता दिली, तेव्हा आपल्या मतांना राजाश्रय लाभल्याचे हौशी रसिकाने जाहीर केले. महाराष्ट्राने तर महिनाभर आधीच पाऊल उचलले होते. विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळताना दिसल्याच्या चित्रफितीवरून वादात सापडलेले तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी आपण आपोआप आलेला खेळ बंद करत होतो असा खुलासा केला, आणि 31 जुलै 2025 रोजी त्यांच्याकडे क्रीडा खाते आले. क्रीडा खाते सांभाळणारे, वाशिमचे पालकमंत्री दत्तात्रय भरणे, कृषी खात्यावर गेले. अनुभव पाहून खाते देण्याची ही पद्धत हौशी रसिकाला इतकी भावली की स्वतःच्या अर्जातही त्याने छंदाच्या रकान्यात प्रथमच खरी माहिती लिहिली.

राहता राहिला अष्टचंग. शहाबादी फरशीवर खडूने पाच गुणिले पाच घरे आखून चार चिंचोके, एका बाजूने घासून पांढरे केलेले, टाकत आजी जो खेळ खेळते तो मोबाइलवरच्या लुडोचा जवळचा नातलग आहे. लुडो हा पचिशीवरून घेतलेला आणि इंग्लंडमध्ये पेटंट झालेला खेळ, एवढी वंशावळ हौशी रसिकाला माहीत असते. चारही चिंचोके पांढरे पडले तर चंग, म्हणजे चार. चारही काळे पडले तर अष्टा, म्हणजे आठ. गणिताने यातल्या प्रत्येकाची शक्यता सोळात एक येते, असे तो आजीला समजावतो, परंतु घरी घासलेल्या चिंचोक्यांना गणित ठाऊक नसते आणि कोणता चिंचोका कोणत्या कुशीवर पडतो हे आजीला ठाऊक असते. प्रतिस्पर्ध्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही, हा या खेळाचा मुख्य नियम. त्यामुळे हौशी रसिकाच्या चारही सोंगट्या बाहेरच्या चौकटीत प्रदक्षिणा घालत राहतात आणि त्याचे विवेचन आत पोहोचते. नवशिक्यांसाठी या खेळात पुरेशी सोय नाही, असे त्याने सुचवले असता आजी म्हणाली, “तू टाक, मी तुले मारत नाई,” आणि पुढच्याच चंगावर तिने त्याची सोंगटी उचलून त्याच्या हातात दिली. या खेळाला त्याने 10 पैकी 6 गुण दिले असून कापलेले 4 गुण आजीच्या वर्तणुकीबद्दल आहेत.