तृतीयभागाभाव-विचार

प्रस्तुत प्रबंधाचा विषय लहान आहे. मोजायचा तर साधारण तीन सेंटीमीटर. आमच्या वाचनालयाच्या बालविभागात, खिडकीजवळच्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर हॅरी पॉटरच्या दुसऱ्या आणि चौथ्या भागांमध्ये एवढी जागा मोकळी आहे. दुसरा भाग तिच्यात कललेला असतो, आणि चौथा, अंगानेच दांडगा असल्यामुळे, त्याला खांदा देतो. तिसरा भाग, म्हणजे ‘अझकाबानचा कैदी’, तिथे नाही. कैदीच तो, पळाला असेल, हा विनोद ग्रंथपाल बाईंनी आमच्या आधी बऱ्याच जणांकडून ऐकलेला होता.

वस्तू नाही हे मुळात कळतं कशाने? यावर आपल्याकडे शतकानुशतकं भांडण झालेलं आहे. नैयायिक म्हणतात, अभाव डोळ्यांनीच दिसतो. भाट्ट मीमांसकांना हे पटत नाही. त्यांच्या मते अनुपलब्धी, म्हणजे न सापडणं, हे वेगळंच प्रमाण आहे. माझी अकरा वर्षांची भाची कपाटापुढे उभी राहिली आणि एकही पुस्तक न हलवता म्हणाली, “मामा, तिसरा नाहीये.” ही नैयायिक. बाई चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, “नीट बघ गं, असेल तिथेच.” या भाट्ट. नीट शोधूनही न सापडलं तरच न सापडण्याला प्रमाण मानायचं, अशी त्या पंथाची अट आहे. अटीप्रमाणे आम्ही सगळं कपाट उपसलं. खालच्या फळीवर एक वह्यांचा गठ्ठा आणि कुणाची तरी डब्याची पिशवी सापडली.

नसणं सिद्ध झालं. आता त्याचा प्रकार. शास्त्रात अभाव चार सांगितले आहेत, आणि मालिका वाचणारं पोर तेरा वर्षांचं होईतो चारही भोगून मोकळं होतं.

पहिला प्रागभाव. वस्तू निर्माण होण्याआधीचं हे नसणं. याला आरंभ नाही, शेवट मात्र आहे. हॅरी पॉटरचा चौथा भाग इंग्रजीत जुलै 2000 मध्ये आला आणि पाचवा जून 2003 मध्ये. अकराव्या वर्षी चौथा संपवलेल्या मुलाला पाचवा हातात पडेपर्यंत मिसरूड फुटायला लागलं होतं. सातही भाग (1997 ते 2007) एकगठ्ठा मिळालेल्या आजच्या पिढीला ही तपश्चर्या ठाऊक नाही, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं. आमच्या प्रकरणाला मात्र हा अभाव लागू नाही. तिसरा भाग 1999 सालचाच.

दुसरा प्रध्वंसाभाव. वाळवी, गळकं छप्पर, धाकटा भाऊ. बाद केलेल्या पुस्तकांच्या यादीत तिसरा भाग नव्हता, तेव्हा हाही गेला.

तिसरा अन्योन्याभाव : घट म्हणजे पट नव्हे. हा मुख्यतः पालकांच्या हातून घडतो. एनिड ब्लायटनबाईंची ‘फेमस फाइव्ह’ मालिका एकवीस पुस्तकांची आणि ‘सीक्रेट सेव्हन’ पंधरा. लेखिका एक, मुलं तशीच, दोन्हीकडे एकेक कुत्रा. भाचीने पाचातलं सांगितलं, ताईने ऑफिसातून येताना सातातलं आणलं, आणि वर “दोन जास्तच आहेत की” असं म्हणाली. घरात दोन दिवस अबोला होता.

चौथ्याकडे वळण्यापूर्वी, काहींनी मानलेला एक पाचवा सांगतो. सामयिकाभाव, म्हणजे वस्तू तात्पुरती हलवल्याने आलेलं नसणं. मराठीत याला ‘कुणीतरी नेलंय’ असं म्हणतात. आम्ही सहा महिने याच पक्षाचे होतो. संशयितही ठरला होता : शेजारच्या सोसायटीतला एक मुलगा. त्याने चौथा भाग नेला तेव्हा तो हसला होता, एवढाच पुरावा.

इथे थोडं विषयांतर. सगळ्याच मालिकांना भाग हरवल्याने सारखी इजा होत नाही. काही मालिका म्हणजे माळ, काही म्हणजे साखळी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ही माळ. फुरसुंगीचा बनेश फेणे कुठल्याही पुस्तकात सायकलवरून शिरतो, ‘ट्टॉक’ करतो, संकटात सापडतो आणि सुटतो. मणी गळला तर दोरा ओढून घ्यायचा. मी त्याची पुस्तकं हाताला लागतील त्या क्रमाने वाचली आणि माझं काही बिघडलेलं नाही (याबद्दल घरात मतभेद आहेत). साखळीची कडी गेली की मात्र बादली विहिरीत.

क्रमाचाच प्रश्न नार्नियाच्या सात पुस्तकांनी फारच बिकट करून ठेवला आहे. सी. एस. लुइस यांनी कपाटातून नार्नियात शिरण्याची गोष्ट 1950 मध्ये छापली, आणि ते जग निर्माण कसं झालं ते मात्र 1955 मध्ये, सहाव्या पुस्तकात सांगितलं. मग आधी वाचायचं कुठलं? हा वाद मीमांसकांनी पेजेवरून कधीच निकालात काढला आहे. वेदात अग्निहोत्राचा होम आधी सांगितला आहे आणि त्यासाठीची पेज शिजवायला नंतर. पण पेजेवाचून होम कसा होणार? म्हणून अर्थक्रम हा पाठक्रमापेक्षा बलवान. अमेरिकेतल्या एका मुलाने घटनाक्रमाची बाजू घेतली होती, त्याच्या आईने प्रकाशनक्रमाची. लुइस यांनी 1957 साली पत्राने मुलाच्या बाजूने कौल दिला, आणि क्रमाला कदाचित फारसं महत्त्व नसेलही, अशी पुस्ती जोडली. पुढे 1994 मध्ये प्रकाशकांनी पुस्तकांना घटनाक्रमाने नवे आकडे घातले. मला विचाराल तर मी आईच्या बाजूचा. बर्फाळ रानात दिव्याचा एकटा खांब दिसतो, तो तिथे कुणी रोवला हे आधीच माहीत असेल तर कपाटात शिरायचं कशाला? होम आधी, पेज मागून.

असो. सातव्या महिन्यात बाईंनी दाखल-रजिस्टर उघडलं. एका सभासदाने घर बदलताना भेट दिलेली पुस्तकं तिथे ओळीने लिहिलेली होती : पहिला, दुसरा, चौथा, पाचवा. क्रमांकांत खंड नव्हता. म्हणजे हा चौथा प्रकार, अत्यंताभाव. वाऱ्याला रंग नसतो तसं तिन्ही काळांतलं नसणं. तिसरा भाग इथून गेलाच नव्हता, कारण तो इथे कधी आलाच नव्हता. शेजारच्या मुलाची मी मनातल्या मनात क्षमा मागितली. भाचीने मागितली नाही. तो हसला होता हे तिच्या मते रजिस्टरने खोडलं जात नाही.

दरम्यान ती पुढे निघून गेली होती. मालिकेच्या प्रत्येक भागात आरंभी मागची उजळणी असते. आधीचा भाग वाचलेले ती सोडून देतात; न वाचलेले तिच्यावर गुजराण करतात. चार्वाकांचा मूळ ग्रंथ लुप्त आहे, तरी विरोधकांनी खंडनासाठी दिलेल्या पूर्वपक्षांवरून पंडितांनी त्यांचं दर्शन उभं केलंच. भाचीने चौथ्या भागातल्या उजळणीवरून तिसरा भाग तसाच उभा केला. सिरियस ब्लॅक नावाचा माणूस भयंकर तुरुंगातून निसटला, एवढं तिला कळलं होतं. कसा निसटला ते कळेना. पण पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत कैदेतून निसटण्याची एकच खात्रीशीर रीत मराठी शाळेत शिकवतात, आणि ती 1666 सालची, आग्र्याची आहे. सिरियस आजाराचं सोंग घेतो. रोज मिठाईचे पेटारे बाहेर जाऊ लागतात. पहारेकरी तपासायचा कंटाळा करतात. तिने ही कथा वर्गातल्या चार जणींना मधल्या सुट्टीत तीन दिवस पुरवून सांगितली.

वाढदिवसाला मी तिसरा भाग विकत आणून दिला. मूळ ग्रंथात सिरियस कुत्र्याचं रूप घेऊन गजांमधून निसटतो. त्या पहारेकऱ्यांचा गोडाशी संबंध आहेच, पण उलटा : त्यांच्यामुळे हबकलेल्या माणसाला चॉकलेट खायला देतात. हे मी तिला पाठिंब्यादाखल दाखवूनही दिलं.

तिने पुस्तक दोन रात्रींत संपवलं आणि माझ्यापुढे आणून ठेवलं.

“मामा, यात पेटारेच नाहीयेत.”

“नाहीत.”

“मग वर्गात नको सांगूस कुणाला,” ती म्हणाली, आणि पुस्तक वाचनालयाला न देता आपल्या कपाटात, कपड्यांच्या मागे ठेवून आली.