वाटी रिकामी पाठव

हॅरो, लंडन
रविवार, दुपार

ती. आईस शि. सा. न.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहोत. फोनवर सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत मावशीच्या ग्रुपवर गेलं असतं, म्हणून कागद.

तर, मी एक बाई लावली आहे. आहाराची. तुझ्या सुनेनेच शोधली. दर मंगळवारी व्हिडिओवर येतात, आठवडाभराच्या ताटांचे फोटो बघतात. स्वभावाने गोड, साखरेला मात्र कडू.

पहिल्याच दिवशी माझा बीएमआय 24.5 निघाला. मी म्हटलं, 25च्या आत आहे की! त्या म्हणाल्या, 25 गोऱ्यांना. तुम्हा लोकांना 23 पासूनच जपायला हवं. पुरावा म्हणून 'लॅन्सेट'मधला 2004 सालचा फोटो दाखवला. लंडनचे डॉ. युडकिन आणि आपले पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक, दोघांचा बीएमआय तोच, 22.3. पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2! माझगावकराच्या पोटावर बोट ठेवायलाही शेवटी पुणेकरच निघाला. पण पुणेकराने स्वतःचीच उणीव छापून आणलीय म्हटल्यावर विश्वास ठेवावाच लागला.

जेवणाची डायरी लिहायची असते. सुक्या बोंबलाला इकडे 'बॉम्बे डक' म्हणतात, मी तसंच लिहिलं. बाईंचा निरोप आला: बदकाला चरबी फार, कातडी काढून खा. बोंबलाची कातडी! भाऊच्या धक्क्यावरच्या तुझ्या कोळणीला सांग, आठवडाभर पापलेट स्वस्त देईल.

मग घरचं खाणं विचारलं. म्हटलं, बाबांच्या डब्यात सहा चपात्या असायच्या, मीही तेवढ्याच खातो. बाबा काय करायचे? गोदीत वेल्डर. दिवसभर शिड्यांवर चढउतार, आणि संध्याकाळी मला खांद्यावर घेऊन बॅप्टिस्टा बागेची टेकडी. आणि तुम्ही? मी म्हटलं, मी खुर्चीत बसून जहाजांचे विमे उतरवतो. बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं लिहून घेतलं. ते न बोलणं मला फार लागलं.

चपात्या दोनवर आल्या, भात एक वाटी. मुगाची उसळ, अंडी, काकडी हवी तेवढी. रोज 8,000 पावलं. पाऊस असला की मी ती जिन्यातच घालतो, शेजारच्या आजीबाईंना वाटतं माझं काहीतरी हरवलंय. आठ आठवडे इमानाने पाळलं. वजन किती उतरलं? 400 ग्रॅम. ते चष्म्याचंही असेल.

बाईंना संशय आला. म्हणाल्या, वाटी दाखवा. मी दाखवली, तू निघताना बॅगेत घातलेली, काठावर बाबांचं नाव कोरलेली. पाणी भरून मोजायला लावलं. आई, त्यांच्या तक्त्यातली वाटी 150 मिलिलिटरची. तुझी 340! वर मी शीग लावून घेत होतो, कारण तू वाटी कधी काठापर्यंत थांबवलेली मला आठवत नाही. बाईंनी विचारलं, तुमच्याकडे ह्याला नक्की वाटीच म्हणतात? मी घराण्याची अब्रू राखली, हो म्हटलं. पण तुला विचारतो, हा वाडगा ना गं?

तू व्हिडिओवर 'किती वाळलास' म्हणतेस, त्या म्हणतात अजून पाच किलो. तुम्हा दोघींचं एकदा बोलणं करून द्यावं असं वाटतं, पण धीर होत नाही.

काम एवढंच: गणपतीनंतर काकांचा मुलगा इकडे येतोय, त्याच्याबरोबर आमटीची ती लहान वाटी पाठव, बाबांचं नाव असलेलीच. वाडगा ठेवलाय, टाकणार नाही.

बाबांना नमस्कार.

तुझा,
बंड्या

ता. क. वाटी रिकामी पाठव. रिकामं भांडं घराबाहेर जाऊ द्यायचं नसतं, ठाऊक आहे. फारच जिवावर आलं तर मेतकूट घाल. बेसनाचा लाडू त्यात बसत नाही, मी मनातल्या मनात मोजून पाहिलंय.