शेजारच्या नानांशी बोलण्याचे नियम

(ज्यांच्या शेजारी निवृत्त संस्कृत शिक्षक राहत नाहीत, त्यांनी वाचण्याची गरज नाही. त्यांनी सुखाने बोलावे.)

१. नानांबरोबर वाण्याकडे जाऊ नये. 'तेल' आले 'तैल'वरून, आणि तैल म्हणजे तिळाचे. तेव्हा 'शेंगदाण्याचे तेल' हा नानांच्या लेखी वदतोव्याघात. करडई, सरकी, सूर्यफूल, एकेका डब्यापुढे थांबून ते हे समजावतात. मागे रांग लागते. शेवटी वाणी विचारतो, "नाना, पिशवी देऊ की डबा?" नाना शेंगदाण्याचेच घेतात. तिळाचे महाग पडते.

२. त्यांच्यासमोर चिडू नये. संस्कृतात 'राग' म्हणजे रंग, आणि प्रेमही. 'अनुरागा'त ते अजून शिल्लक आहे. मराठीने मात्र रागाचा संताप केला. काकू भांडी आदळू लागल्या की नाना आम्हाला सांगतात, "राग म्हणजे मुळात प्रेमच." मग आणखी एक पातेले पडते.

३. 'राजीनामा' म्हणजे मुळात राजीखुशीचा कागद. ज्यांच्याकडून तो घेतला गेला, त्यांना हे सांगू नये.

४. (पाठ करावा.) 'कुशल म्हणजे हात न कापता कुश तोडणारा, प्रवीण म्हणजे वीणेत तरबेज, मग तुमची स्वयंपाकीण कुशल कशी?' असे नानांनी सुरू केले की गाय पुढे करावी. 'गो' हा शब्द 'जाणे' या अर्थाच्या धातूपासून साधतात. मग झोपलेली गाय ही गाय नव्हे काय? शंका माझी नाही, 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाची, चौदाव्या शतकातली. शब्द कशापासून बनला हे एक, तो कशासाठी चालतो हे दुसरे, असे त्याने बजावून ठेवले आहे. मला हे नानांनीच सांगितले होते, नववीत, धडा बाजूला ठेवून. गाय आली की नाना पाच मिनिटे गप्प बसतात. खरोखरची पाच. एरवी त्यांची पाच मिनिटे पाऊण तास चालतात.

५. नानांनाही थोडी सूट द्यावी. रात्री दुकान 'वाढवणाऱ्या' वाण्याला ते रोज विचारतात, "आज किती फूट वाढवलंत?" पण परवा काकूंची बांगडी कपाटावर आपटली. मी "अरे, फुट..." म्हणतो तोच नाना घाईघाईने म्हणाले, "वाढली. वाढली म्हण." व्युत्पत्ती विचारायचा धीर मला झाला नाही.

६. निरोप. आपण सगळे 'येतो' म्हणतो आणि जातो. नाना 'येतो' म्हणतात आणि दहा मिनिटांत खरेच येतात. छत्री राहिलेली असते.

ती कोपऱ्यात दिसली तरी आधी आठवण करून देऊ नये.