कंपनीचीही उगवण तपासा

परवा जालन्यात गांधी चमनजवळ एक पोरगा भेटला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात झेरॉक्सची फाइल. एमआयडीसीत मुलाखतीला निघाला होता. विचारलं, "कंपनी काय बनवते रे?" म्हणाला, "लोखंडाचंच काहीतरी." "मालक कोण? पगार कोण देणार?" "ते तिथं गेल्यावर कळंल ना, काका."

तिथं गेल्यावर कळेपर्यंत सहा महिने हातचे जातात. घरातलंच सांगतो. भाचा एका कारखान्यात लागला म्हणून आम्ही पेढे वाटले. तिसऱ्या महिन्यात कळलं की तो कंपनीचा नव्हताच, ठेकेदाराचा होता. पगारातून पीएफ कापला जात होता आणि खात्यात एक रुपया जमा नव्हता.

आता सोयाबीन पेरण्याआधी आपल्याकडचा शेतकरी काय करतो ते बघा. शंभर दाणे मोजतो, ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो, वर पाणी शिंपडत राहतो. आठवड्यानं उघडून कोंब मोजतो. सत्तर भरले तर बियाणं पेरायचं. पिशवी विकत घेतली तर लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी, मुदत बघतो, पक्की पावती मागतो. शिवाय मागच्या साली ते वाण शेजारच्या शिवारात कसं आलं, हे विचारून येतो. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली जिथं महिको ही बियाण्याची कंपनी काढली, त्या गावाला ही तपासणी शिकवावी लागत नाही. एका हंगामाच्या पिशवीला एवढे प्रश्न, आणि त्याच घरातल्या पोराच्या उमेदीच्या वर्षांसाठी एकही नाही!

आणि बघायला पैसे पडत नाहीत. भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका. कोणत्या महिन्याचे पैसे कधी भरले आणि किती माणसांचे भरले, ते लॉगिन न करता दिसतं. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पीएफ बंधनकारक आहे. खासगी मर्यादित कंपनी असेल तर केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या नोंदीत ती कधी स्थापन झाली, शेवटचा ताळेबंद कधीचा, हे सापडतं.

पण खरी माहिती गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर मिळते. शिफ्ट सुटायच्या वेळेला जाऊन उभं राहायचं. पगार किती तारखेला होतो? ठेकेदार कोण? बूट, हेल्मेट कंपनी देते की आपण आणायचे? या जागेवर आधी कोण होता आणि का गेला? भट्टीतल्या स्फोटात कामगार भाजल्याच्या बातम्या जालन्यानं वाचल्या आहेत, म्हणून बुटांचा प्रश्न मी बारीक मानत नाही.

धंद्याचाही अंदाज हवा. इथल्या सळईच्या कारखान्यांत भंगार विजेच्या भट्टीत वितळवतात; वीज महागली की मालकाचं गणित हलतं, पावसाळ्यात बांधकामं थंडावली की सळईचा उठाव कमी होतो. बियाण्याच्या कंपनीत खरिपाआधी हातांना उसंत नसते, हंगाम सरला की हंगामी माणसं घरी बसतात. बीटी कपाशीच्या पिशवीची कमाल किंमत तर केंद्र सरकार ठरवतं. हे ठाऊक असलेला पोरगा मुलाखतीत नीट बोलतो आणि त्याला पगारही नीट मागता येतो.

घरातली मोठी माणसं म्हणतात, मिळतेय ना, मग जास्त विचारू नको. हा सल्ला चुकीचा आहे. जो मालक "पीएफ भरता का?" एवढ्यावर चिडतो, तो उद्या पगार मागितला तरी चिडणार.

त्या पोराला मी तिथंच बाकावर बसवलं. मोबाइलवर कंपनीचं नाव टाकलं. पैसे दर महिन्याला वेळेवर भरलेले होते. माणसांचा आकडा मात्र वर्षभरात जवळपास निम्म्यावर आला होता. तो का आला, हाच पहिला प्रश्न विचारायचा असं ठरवून तो रिक्षात बसला.