परगणे मत्स्यालय, मौजे गुढियारी

मनुष्यस्वभावाची आपल्याला उत्तम पारख आहे असे समजणारे बरेच सद्गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. परंतु माशालाही स्वभाव असतो असे मी म्हणताच, एखाद्या सुखवस्तू माणसाला अकस्मात भ्रम झाल्याची वार्ता कानी यावी तसे ते माझ्याकडे करुणेने पाहू लागतात, आणि "मासा म्हणजे मासा" असा निवाडा देऊन चहाचा दुसरा पेला मागतात. रायपूरमधल्या गुढियारीच्या ठोक बाजारात, जिथे उजाडण्यापूर्वीच मालमोटारी रस्ता अडवून उभ्या राहतात आणि ज्याला त्याला तांदळाच्या भावाखेरीज दुसरा विषय सुचत नाही, तिथे काचेच्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसणारा इसम संशयास पात्र ठरतो, हे मला मान्य आहे. तथापि त्या खुर्चीवर बसून मी जे पाहिले, ते नाकारणे मला शक्य नाही.

या मुलखातील जुन्या मराठी कारभाराविषयी मला पहिल्यापासून कुतूहल आहे. येथला कारभार पाहणारे बिंबाजी भोसले 1787 साली निवर्तल्यानंतर नागपूरकर भोसल्यांनी छत्तीसगढ सुभेदारांच्या हवाली केले, आणि पुढे विठ्ठल दिनकर नावाच्या सुभेदाराने जुनी गडांची व्यवस्था मोडून 27 परगणे पाडले व परगण्यावर कमाविसदार, फडणवीस, बडकर अशी उतरंड बसवली. ती रयतेला कितपत मानवली हा इतिहासकारांचा प्रांत आहे. माझ्या दिवाणखान्यात मात्र ती आजतागायत बिनतक्रार चालू आहे.

कमाविसदारी अर्थात ऑस्कर माशाकडे. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अमेझॉनच्या खोऱ्याचा. घरी आला तेव्हा अंगठ्याएवढा होता, आणि त्या वेळी त्याच्या मुद्रेवर जो विनय होता तो केवळ नेमणूक कायम होईपर्यंतचा होता, हे पुढे उघड झाले. शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा मला त्याच्यामुळेच खऱ्या अर्थाने कळली. हाती लागलेला चिमुकला मासा मनूला सांगतो की, आधी मला घटात ठेव, मोठा झालो की खड्डा खण, आणि त्यातही मावेनासा झालो की समुद्रात ने. पंडितांना त्यात प्रलयाची सूचना दिसते. मला टाकीचे बिल दिसते. मनूचे एक बरे होते, त्याला अखेरीस समुद्र फुकट मिळाला.

या कमाविसदाराचा पहिला कटाक्ष जमिनीच्या बंदोबस्तावर असतो. टाकीच्या तळाशी मी खडी सारखी पसरून, प्लास्टिकच्या वनस्पती रोवून, मागे सरून कौतुकाने पाहावे, तो हा तोंडात खडीचा घास भरून घेतो, टाकीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थुंकतो, आणि हे काम सकाळपर्यंत अशा निष्ठेने चालवतो की पूर्वेकडे डोंगर आणि पश्चिमेकडे उघडी काच उरते. वनस्पती तो उपटतोच. पाणी बदलल्यास, अथवा एखादा दगड त्याच्या पूर्वपरवानगीवाचून हलवल्यास, तो तळाशी कुशीवर आडवा पडून राहतो. प्रथम हा प्रकार पाहून आमच्या घरात सुतकी शांतता पसरली होती. परंतु दाण्याचा डबा वाजताच मृतात्मा टुणकन सरळ झाला. ऑस्करांमध्ये हा रुसवा प्रसिद्धच आहे. आमच्याकडे त्याला रजेचा अर्ज म्हणतात.

माणसांतही तो भेद करतो. सौभाग्यवती दिसली की काचेशी येऊन शेपटी हलवतो, कारण खाद्याचे खाते तिच्याकडे आहे. मला पाहून नुसताच कल्ला हलवतो. वेंगुर्ल्याचे आमचे साडू मात्र टाकीसमोर उभे राहिले तेव्हा तो मागच्या कोपऱ्यात गेला. "भाऊसाहेब," साडू निरखून म्हणाले, "एवढा गलेलठ्ठ झाला, आणि तुम्ही अजून नुसते बघताच?" त्यांचा मुक्काम संपेपर्यंत ऑस्करने त्यांना दर्शन दिले नाही. याला स्वभावपरीक्षा म्हणायचे नसेल तर कशाला म्हणावे?

फडणवीस म्हणजे सकर. दिवसभर हा दगडाआड दडून असतो. रात्री दिवे मालवल्यावर बाहेर पडतो आणि काचेला तोंड लावून वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत शेवाळाचा पै-पै हिशेब तपासत सरकत जातो. लहान होता तोवर काच आरशासारखी असे. अंगाने भरला तसा त्याला शेवाळापेक्षा ऑस्करच्या ताटातील उष्टे अधिक रुचू लागले, आणि बढतीनंतर कामाची गोडी कमी होणे ही केवळ मनुष्यजातीची मिरास नव्हे अशी माझी खात्री पटली. तांदळाचे पोते घेऊन आलेला एक हमाल त्याच्याकडे घाम पुसत बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "ए तो कुछु बुता नइ करय, बस काँच ला चाटत रहिथे." श्रमाच्या बाबतीत त्याचा शब्द मी अंतिम मानतो.

गोल्डफिशची टाकी निराळी, आणि तिथे दरबार नसून केवळ याचकांची रांग आहे. निसर्गाने या माशाला जठरच दिलेले नाही. खाल्लेले थेट आतड्यात जाते. ज्याला पोट नाही त्याचे पोट भरणार कसे, हा प्रश्न न्यायशास्त्र्यांपुढे ठेवण्यासारखा आहे. अंगणातल्या हौदात डासांच्या बंदोबस्तासाठी सोडलेले गप्पी अंडी न घालता थेट पिलांनाच जन्म देतात, आणि पुढे त्यांतली काही स्वतःच खाऊन खानेसुमारी आटोक्यात ठेवतात. त्यांच्याविषयी अधिक लिहिणे सभ्यपणाचे होणार नाही.

आता शास्त्राचे म्हणाल, तर शास्त्र माझ्या बाजूला आहे. फेलिसिटी हंटिंगफर्ड या विदुषीने 1976 साली, पाठीवर तीन काटे असलेल्या एका लहानशा विलायती माशाविषयी असे दाखवले की, जे जातभाईंशी अधिक भांडतात तेच शिकारी माशासमोरही अधिक धिटाईने वागतात. म्हणजे तापटपणा हा तेथेही सर्व खात्यांत सारखाच चालतो. 2017 मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी तर कमाल केली. अमेझॉन मॉली या जातीत सगळ्या माद्याच; लेकी आईची हुबेहूब नक्कल म्हणून जन्मतात. अशा पिलांना जन्मतःच वेगळे करून, सारख्याच टाक्यांत, सारख्याच पाण्यात एकएकटे वाढवले, तरी प्रत्येकीची वागण्याची तऱ्हा निराळी निघाली. जुळी मुले वाढवलेल्या कोणत्याही मावशीने हा निष्कर्ष विनावेतन सांगितला असता.

परगण्याच्या हद्दीबाहेर, खिडकीतल्या मोठ्या बरणीत, फायटर राहतो. सयामकडचा हा सरदार कोणाच्याही हुकमतीखाली नांदत नाही. बरणीमागे आरसा धरला की कल्ले फुगवून, पंखांचे निशाण उभारून स्वतःवरच चालून जातो. एरवी मात्र पृष्ठभागावर फेसाचे बुडबुडे एकाला एक चिकटवून पिलांसाठी घरटे बांधत असतो. बायकोचा पत्ता नाही, लग्नाची बोलणी नाहीत, आणि घर बांधून तयार! आमच्या नात्यात असे एक स्थळ आहे. पण ते असो.

ज्येष्ठातल्या नवतप्यात, रायपूरचा पारा चढतो त्या दिवसांत, या सर्वांची खरी कसोटी लागते. कारण पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. यंदा ऐन दुपारी वीज गेली, हवेचा पंप थांबला, आणि गोल्डफिश रांगेने वर येऊन आ वासू लागले. फायटरला कल्ल्यांखेरीज बाहेरची हवा घेण्याचीही सोय असल्याने तो तटस्थपणे शेजाऱ्यांची तारांबळ पाहत होता. ऑस्कर मात्र खरोखरच मलूल दिसला. रुसव्यातला रुबाब त्यात नव्हता. सौभाग्यवतीने बर्फाची बाटली टाकीत सोडली, मी लोट्याने उंचावरून पाणी ओतत राहिलो, आणि त्याला बरे वाटावे म्हणून चिरंजीवाने बाजारातून एक नवे हिरवेगार झाड आणून मध्यभागी रोवले.

वीज आली. पंपाचे बुडबुडे सुरू झाले. थोड्या वेळाने ऑस्करने कल्ले हलवले, झाडाभोवती सावकाश एक फेरी मारली, आणि ते मुळासकट उपटून थेट पृष्ठभागावर भिरकावून दिले.

"आला बाई जागेवर," सौभाग्यवती म्हणाली आणि दाण्याचा डबा आणायला आत गेली.