सामाईक वही

आमच्या बागेच्या सातबाऱ्यावर अठ्ठावीस नावं आहेत. त्यातले नऊ मयत, बरेचसे मुंबईत आणि एकजण कुठे असतो ते कुणालाच ठाऊक नाही. पण मोसमात त्याच्या वाट्याची पेटीही कुणीतरी न चुकता नेतं. अशा घरात वाढलेल्या माणसाने सामाईक गोष्टीच्या वाटेला जाऊ नये. मी गेलो.

एटीडीच्या, म्हणजे ड्रॉइंग मास्तरकीच्या पदविकेच्या, वेळचे आम्ही पाच मित्र. धुळे, नागपूर, पुणे, देवगड आणि मी रत्नागिरीचा. चौघे ड्रॉइंग मास्तर म्हणून निवृत्त झालो. पुणेकर कॅलेंडरं करतो आणि स्वतःला चित्रकार म्हणवतो. धुळेकराच्या डोक्यातून निघालं, की प्रत्येकाने एकेक स्केचबुक घ्यायचं, पहिलं पान रंगवायचं आणि पोस्टाने पुढच्याला धाडायचं. पुढच्याने त्यात भर घालायची आणि महिन्याभरात वही पुढे सरकवायची. पाच महिन्यांनी ज्याची वही त्याच्या घरी. नियम एकच : भर घालायची, खोडायचं नाही.

कल्पना नवी नव्हे. पॅरिसच्या अतिवास्तववाद्यांनी १९२५च्या सुमारास एकाच कागदावर पाळीपाळीने चित्र काढायचा खेळ काढला होता. पण ते लोक हुशार. आपला भाग झाला की कागदाची घडी घालायचे, म्हणजे पुढच्याला मागचं दिसायचंच नाही. आधी वाटप, मग चित्र. सॅन फ्रान्सिस्कोत २०००मध्ये एकाने हजार कोऱ्या वह्या अशाच जगभर सोडून दिल्या. परत आल्या मोजक्या. बाकीच्या कुठल्या तरी सहहिस्सेदाराकडे असणार, दुसरं काय! आपल्याकडे नंदलाल बोस शिष्यांना पोस्टकार्डांवर चित्रं काढून पाठवत. पण तिथे गुरूच्या चित्रात भर घालायची छाती होती कुणाची?

२०२५च्या मे महिन्यात मी माझं पहिलं पान काढलं. हापूसची पेटी. हल्लीचा पुठ्ठ्याचा खोका नव्हे. जुनी, फळ्या ठोकलेली लाकडी पेटी, झाकण अर्धं उचकटलेलं. आंबे काय, कुणीही काढील. पिवळ्यावर देठाकडे जरासा लाल हात फिरवला की झालं. खरी परीक्षा पेंढ्याची. गवत उभं असतं, त्याला आपलीआपली दिशा असते. पेंढा मोडलेला, दबलेला, एका काडीखालून दुसरी निघून तिसरीच्या वर गेलेली. शिवाय आंबा उचलला की खाली त्याच्या आकाराचा खळगा राहतो, आणि त्या खळग्यातल्या काड्या बाहेरच्यांपेक्षा किंचित काळसर. एक आंबा मुद्दाम उचललेला दाखवून मी तो खळगा काढला. बारीक पेनाने दोन संध्याकाळी नुसत्या पेंढ्यात गेल्या. मग फळीवर ठसठशीत अक्षरांत ‘रत्नागिरी हापूस’ लिहिलं आणि वही घेऊन पोस्टात गेलो.

“आत काय?” काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

“वही.”

“कोरी?”

“एक पान भरलंय.”

“म्हणजे पत्र.”

“पत्र नाही, चित्र.”

“किंमत काय आहे?”

चाळीस वर्षं चित्रं काढतोय, पण हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. गळा दाटून आला. म्हटलं, “वही दोनशेची आहे. चित्राचं तुम्हीच बघा.” त्यांनी नुसती वही वजनाला टाकली.

त्या वर्षी पाऊस मेमध्येच कोकणात उतरला. जूनमध्ये देवगडकराची वही माझ्याकडे आली तेव्हा घरातल्या मिठालाही पाणी सुटलं होतं. त्याने देवगडचा किल्ला आणि त्यातलं दीपगृह काढलं होतं. बरं काढलं होतं. फक्त खाली पायवाटेशी थोडी जागा मोकळी पडली होती. रत्नागिरीच्या माणसाला मोकळी जागा बघवत नाही. मी तिथे गडगा घातला. चांगला जांभ्या दगडाचा, एकेक चिरा वेगळा दाखवलेला, दोन चिऱ्यांच्या फटीतून वर आलेलं नेचंसुद्धा. उत्साहाच्या भरात फोटो काढून त्यालाच पाठवला.

लगेच फोन आला. “मेल्या, माझी वाट अडवलीस!”

“भर घातली. नियमातच आहे.”

“किल्ल्यावर जायचं कुठून लोकांनी?”

“वहिवाटीचा काही पुरावा आहे का तुझ्याकडे?”

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बरं.” कोकणातला माणूस नुसतं ‘बरं’ म्हणाला की आपण वकील बघून ठेवावा, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

जुलैत पुणेकराची वही आली आणि इथे कपाटात आठ दिवस राहिली. तेवढ्यात बुरशीने पाच पानं धरली. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आमच्याकडे, तिने तरी दुसरीकडे कुठे जावं? मी पानं तव्याच्या उबेवर धरून सुकवली, पण शनिवारवाड्याच्या भिंतीवर करड्या रंगाचे ठिपके कायमचे उठले. हिने पाहिलं आणि म्हणाली, “असू दे. सहावा हिस्सेदार.” पुणेकराने मात्र पुढे हे ठिपके म्हणजे माझी नवी शैली समजून मला मनापासून दाद दिली. मीही ती घेतली.

तसं पाहिलं तर सामाईक चित्राला आमच्या जिल्ह्याचा विरोध नाही. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, कसलीकसली जनावरं कोरलेली आहेत. २०२२पासून कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. अभ्यासकांना त्यात काय दिसतं तो त्यांचा विषय. मला मात्र हल्ली त्यात एक बिचारा दिसतो. एकट्याने राबून त्याने हत्ती काढला, घरी जेवायला गेला, आणि परत येऊन बघतो तर भाऊबंदांनी पोट भरून टाकलेलं.

मधल्या काळात रजिस्टर आणि स्पीड पोस्ट यांचं एकत्र कुटुंब झालं. ऑक्टोबरात माझी वही त्या नव्या कुटुंबातून घरी आली. पहिलं पान उघडलं. धुळेकराने पेटीला टेकून भरिताची वांगी मांडली होती. नागपूरकराने वरच्या थरात संत्री भरली होती. हापूसच्या पेटीत! पुणेकराने झाकणावर मांजर निजवलं होतं आणि मांजराहून मोठी सही केली होती. हे सगळं मी गिळलं. मग नजर फळीवर गेली. ‘रत्नागिरी’ या अक्षरांवर एक सुबक कागदी पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर माझ्यासारख्याच अक्षरांत लिहिलं होतं : ‘देवगड’.

मी थरथरत फोन लावला.

“खोडलंय का काही?” तो शांतपणे म्हणाला. “खाली तुझं नाव आहे तसंच आहे. पट्टी उचलून बघ. मी फक्त भर घातली.”

“पण हापूस—”

“मानांकनाचा कागद वाच.”

तिथे माझं तोंड बंद झालं. २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांना मिळून. म्हणजे सरकारनेच त्याचा सातबारा सामाईक करून ठेवला आहे, आणि खातेफोडीचा अर्ज कुठे करायचा ते कुणी सांगत नाही.

संध्याकाळी शेजारची आठवीतली मुलगी एलिमेंटरी परीक्षेची स्थिरचित्रं दाखवायला आली. तिने टेबलावरची वही बघितली.

“काका, मांजर कसलं गोड आहे! तुम्ही काढलंत?”

“नाही.”

“मग संत्री?”

“नाही गं.”

“वांगी तर तुमचीच असणार. चकाकी बघा काय आलीय.”

“पेंढा,” मी म्हणालो. “पेंढा माझा.”

तिने वही डोळ्यांजवळ नेली, संत्र्यांच्या मधल्या फटींतून बराच वेळ आत बघितलं आणि माझं वय लक्षात घेऊन म्हणाली, “जेवढा दिसतोय तेवढा छान आहे.”