एकाचं किती?

सहावीच्या वर्गात एकमान पद्धत सुरू केली की पहिला दिवस बरा जातो. डझनभर आंबे 600 रुपयांना, तर 5 आंबे केवढ्याला? आधी एकाची किंमत काढा, मग पाचांची. एक आंबा 50, पाच आंबे 250. फळा पुसायला जावं तर मागच्या बाकावरून हात वर. "बाई, आंबेवाला पाच देतच नाही. दिलेच तर तीनशे म्हणतो."

आता काय बोलायचं? पुस्तकातला आंबेवाला फारच सज्जन. घाऊक-किरकोळ मानत नाही, पेटीतले डागी आंबे खाली दडवत नाही, आणि त्याच्याकडे सुटे पैसे कायम असतात.

जुनी माणसं एकाच्या फंदात फारशी पडत नसत. 40 शेरांचा मण, 16 आण्यांचा रुपया. म्हणून मण जितक्या रुपयांना, तितक्या आण्यांना अडीच शेर. भागाकार नाही, कागद नाही. मुलांना हे सांगितलं की ती आधी खोटं ठरवायला बसतात आणि मग गप्प होतात. अडीचकीचा पाढा पाठ करायला मात्र कुणी तयार होत नाही.

मला विचाराल तर मला एकाचाच सोस. पुड्याची किंमत तीच ठेवून आतली बिस्किटं कधी कमी झाली, हे 'एका ग्रॅमला किती' विचारल्याशिवाय कळत नाही. आता वेष्टनांवर तो भाव छापलेलाही असतो, पण इतका बारीक, की तो वाचायला सहावीतलेच डोळे हवेत. म्हणून गृहपाठ दिला: घरातली वेष्टनं आणा. एकीने शाम्पू आणला. रुपयाच्या पुडीत 5 मिली, म्हणजे मिलीला 20 पैसे. 180 मिलीची बाटली 150 रुपयांना, म्हणजे मिलीला 83 पैसे! मोठं घेतलं की स्वस्त पडतं, या घरोघरच्या श्रद्धेला वर्गातच तडा गेला. दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा निरोप: घरात पुड्यांची माळ आलीय, आणि पोरगी रोज दात लावून पुड्या फोडतेय. हे गणित कुणी शिकवलं?

मी विषय भाजीवर नेला. टोमॅटो 40 रुपये किलो, तर पाव किलो केवढ्याला? दहा रुपये, सगळे ओरडले. मी सहज विचारलं, "आणि वर फुकट मिळते त्या कोथिंबिरीचा भाव?"

"बाई," मागचा बाक म्हणाला, "ती टोमॅटोतच धरलेली असते."